मी नापास न केलेली बिअर

"मोठ्या दाजींनी एक घोट घेतला, कडुनिंबाचा पाला चावल्यासारखं तोंड केलं, 'नापास' म्हणाले, आणि धाकट्या दाजींची बिअर तिथंच मेली."

हे विधान माझ्या मेहुण्याचे आहे. आमच्या नात्यात लग्न असो, साखरपुडा असो की नुसते बारसे, पंगत उठली आणि पानाचे तबक फिरू लागले की हा गृहस्थ आपली खुर्ची मधोमध ओढतो आणि हे विधान करतो. 'पाला चावल्यासारखं' या शब्दांपाशी तो माझी नक्कलही करून दाखवतो. नक्कल वाईट आहे. माझे नाक तसे नाही, आणि माझी त्या काळची मिशी त्याच्या आजच्या मिशीपेक्षा पुष्कळ दाट होती. तरीही लोक हसतात. मी सुपारी कातरत बसतो.

इतकी वर्षे मी गप्प राहिलो, याचा अर्थ माझ्याजवळ उत्तर नव्हते असा पुष्कळांनी लावला. उत्तर होते. ते मी का राखून ठेवले, हे पुढे ओघाने येईल. परंतु मागच्या दिवाळीत मेहुण्याच्या मुलाने आम्हा म्हाताऱ्यांना पुण्यात एका ठिकाणी नेले. तेथे काचेच्या भिंतीआड स्टीलच्या उंच टाक्या उभ्या होत्या आणि लाकडी फळीवर मांडून चार चिमुकले ग्लास आणून देत होते. त्यातला एक माझ्यापुढे सरकवून भाचा म्हणाला, "आतोबा, ही आयपीए, कडू जातीची बिअर. स्ट्राँग असते, हॉप्स भरपूर. आधी वास घ्या, मग लहान घोट."

मी वास घेतला आणि म्हणालो, "हिला मी ओळखतो."

झाले. मेहुण्याने खुर्ची मधोमध ओढली. पुण्यात, परक्या माणसांदेखत, माझी ती वाईट नक्कल झाली आणि शेजारच्या टेबलावर बसलेल्या दोन मुलीसुद्धा हसल्या. तेव्हाच ठरवले, की आता याला लेखी उत्तर द्यायचे.

त्याच्या त्या एका वाक्यात जेवढी विधाने आहेत, जवळजवळ तेवढ्याच चुका आहेत. घोट एक नव्हता. 'नापास' हा शब्द मी उच्चारला नाही. बिअर तिथे मेली नाही. तोंड मी वाकडे केले, एवढे मात्र खरे आहे, आणि त्याचाच खुलासा आधी करणे भाग आहे.

मी कापसाचा ग्रेडर होतो. आधी धुळ्याला आणि मग जळगावला, सरकारी खरेदी केंद्रावर. ऐंशीच्या दशकात दिवाळी सरली की केंद्राबाहेर बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची रांग लागे. मी गाडीवर चढून कोपरापर्यंत हात आत खुपसत असे, कारण वरचा कापूस नेहमीच देखणा असतो. तो दाखवण्यासाठीच वर ठेवलेला असतो. आतली मूठ काढायची, दोन्ही अंगठ्यांच्या मध्ये धरून धागा ओढायचा, तो किती लांबीला येतो ते पाहायचे, ओल आहे की नाही ते गालाला लावून बघायचे, किडकी पिवळी बोंडे किती मिसळली आहेत ते निवडायचे, आणि मग प्रत सांगायची. सगळ्यात वरच्या प्रतीला 'सुपर' म्हणत. तो शब्द मी हंगामात फार थोड्या वेळा उच्चारला, आणि एकदाही मागे घेतला नाही.

आता चेहऱ्याविषयी. माल उत्तम निघाला आणि मी हसलो, तर मागच्या सगळ्या गाड्या तेच हसू आपापल्या मालाला मागत. "त्याच्या कापसाला हसले, साहेब, आमच्या कापसानं काय घोडं मारलं?" असा कालवा होई आणि मग संध्याकाळपर्यंत कुणाशी धड बोलता येत नसे. म्हणून पहिल्याच हंगामात मी रीत पाडून घेतली: माल जितका उंची, तितके तोंड कडू करायचे. माल हलका निघाला तर मात्र शेतकऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून गोड बोलायचे, कारण पुढे त्याला वाईटच ऐकायचे असते. पंचक्रोशीतल्या शेतकऱ्यांना हे पाठ झाले होते. घरी गेल्यावर बायको विचारी, "साहेबानं तोंड कसं केलं?" आणि "एरंडेल प्यायल्यासारखं" असे उत्तर मिळाले की त्या घरात गोडाचा स्वयंपाक होई. ज्यांच्याकडे पाहून मी हसलो, ते बिचारे गाडीच्या दांडीवर मान टाकून बसत.

ही रीत अंगात एवढी मुरली की ती केंद्रापुरती राहिली नाही. आमच्या सौभाग्यवतींची तक्रार अशी, की त्यांच्या पुरणपोळीला मी सगळा संसारभर तोंड वाकडे केले आणि सगळा संसारभर एक पोळी जास्त खाल्ली. या वादात मात्र त्यांची साक्ष मला काही उपयोगाची नाही. त्या म्हणतात, "यांचं तोंड बिअर यायच्या आधीपासूनच तसं होतं."

माझे धाकटे साडू, म्हणजे सौभाग्यवतींच्या धाकट्या बहिणीचे यजमान, औरंगाबादकडच्या एका बिअरच्या कारखान्यात होते. धान्य भिजवून मोड आणणे, ते भाजणे, शिजवणे, आंबवणे, हे सगळे शास्त्र त्यांच्या हाताखाली चाले. सासुरवाडीत मात्र त्यांची नोकरी 'औषधाच्या कारखान्यात' होती. आमचे सासरे, ज्यांना सगळे आबा म्हणत, भडगावचे शेतकरी होते आणि त्यांनी जन्मात थेंब घेतला नव्हता. आबांना खरे काय ते ठाऊक होते. पण जावई औषध करतात असे म्हटले की त्यांना गावात मान ताठ ठेवता येई, आणि त्या औषधाचे नाव ते कधी विचारत नसत.

साडू स्वभावाने मऊ. चार वाक्यांत जे सांगायचे ते एका वाक्यात सांगून उरलेल्या तीन वाक्यांबद्दल क्षमा मागावी, असा त्यांचा चेहरा. त्यांचे दुःख एकच होते. कारखान्याच्या मालकांना पातळ, गोडसर बिअर आवडे आणि तीच वर्षानुवर्षे करावी लागे. ते मला एकदा म्हणाले होते, "आमची बिअर म्हणजे लग्नातला लांबचा पाहुणा, भाऊसाहेब. कुणाला खुपत नाही, आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षातही राहत नाही." शेवटी पुष्कळ विनवण्या केल्यावर मालकांनी त्यांना एक लहान टाकी त्यांच्या मनासारखी करू दिली. साडूंनी तीत धान्य सढळ हाताने घातले, त्यामुळे ती कडक झाली. आणि हॉप्स नावाची जी एका वेलीची वाळवलेली फुले असतात, जी परदेशातून येत आणि केशरासारखी जपून वापरली जात, ती त्यांनी ओंजळीने टाकली. कडूपणाही त्या फुलांतून येतो आणि सुगंधही.

मालकांनी ती चाखली, रुमालाने ओठ पुसले आणि म्हणाले, "तुमची सासुरवाडी खानदेशात आहे ना? तिकडच्या माणसांना पाजा. एवढी मिरची पचवणाऱ्यांनी पास केली तर बाटल्या भरू. नाही केली तर टाकी गटारात, आणि यापुढे मी सांगेन ती बिअर करायची, मुकाट्यानं." तोवर टाकीला हात लावणार नाही, असा शब्दही त्यांनी दिला.

असा तो शब्द घेऊन साडू पौषातल्या एका शनिवारी भडगावला यायला निघाले. चाळीसगावला गाडी बदलताना कंडक्टरने गोणपाटात बांधलेली पेटी पाहून विचारले, तेव्हा त्यांनी लोणच्याच्या बरण्या असल्याचे सांगितले. कंडक्टरने कसले लोणचे ते विचारले. साडूंना खोटे बोलण्याची सवय नव्हती, म्हणून ते म्हणाले, "कडू."

संध्याकाळी स्टँडवर त्यांना घ्यायला मी गेलो होतो. पेटीचे एक टोक त्यांनी धरले, एक मी धरले. अर्ध्या वाटेवर ते थांबले.

"भाऊसाहेब, एक विनंती आहे."

"बोला."

"मेहुणे काय म्हणतील ते मला आत्ताच ठाऊक आहे. ते हसतील. मला तुमचं मत न्यायचं आहे. तुम्ही जो शब्द वापराल तोच मालकांना सांगणार."

"मी कापूस पारखतो, पाहुणे. बिअरमधलं मला काय कळतं?"

"तुम्ही वरची मूठ बघत नाही. मला तेवढं पुरे."

मला स्तुती आवडत नाही, असे मी कधीही म्हटलेले नाही. मी पेटी जरा उंच धरली.

"आणि कृपा करून गोड बोलू नका," ते म्हणाले.

"गोड मी फक्त हलक्या मालाला बोलतो," मी म्हणालो. हे वाक्य त्यांनी मनात नीट ठेवले असते, तर दुसऱ्या दिवशीचा तो प्रसंग टळला असता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबांच्या शेतात भरीत होते. हिवाळ्यात जावई आले की शेतात भरीत करायचे, ही आमच्या सासुरवाडीची रीतच होती. हिरवी लांबट वांगी कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर भाजायची, लाकडी काठवटीत मिरची-लसणाबरोबर ठेचायची आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर खायची. आम्ही चौघे जाळाभोवती होतो: साडू, मी, मेहुणा, आणि आबांचे चुलतभाऊ नाना, जे चोपड्याच्या पलीकडून, सातपुड्याच्या पायथ्याहून आले होते आणि ज्यांचा मोहाच्या दारूतला अधिकार साऱ्या भावकीत मान्य होता. आबा स्वतः उठून विहिरीच्या पलीकडे बांधावर जाऊन, आमच्याकडे पाठ करून बसले. जाताना म्हणाले, "मी जरा पाणी बघतो." त्या दुपारी वीज नव्हती. वीज नव्हती म्हणून मोटार बंद होती, आणि मोटार बंद म्हणून पाटात पाणी नव्हते. तरीही आबा ते शेवटपर्यंत बघत बसले. सासऱ्यासमोर जावयाने पिऊ नये आणि जावयाने पिताना सासऱ्याला दिसू नये, या दोन्ही गोष्टी त्यांनी एका बैठकीत सांभाळल्या.

बाटल्या पोत्यात घालून विहिरीत सोडल्या होत्या. साडूंनी त्या लवकरच वर ओढायला लावल्या. "फार गार नको. गार केली की चव झोपते."

मेहुणा म्हणाला, "धाकटे दाजी, बिअर आहे का बाळंतीण? वारं लागू देऊ नका म्हणताय!"

साडूंनी ग्लास तिरपा धरून ओतायला सुरुवात केली. रंग तांब्याच्या घासलेल्या हंड्यासारखा. वर घट्ट, मलईसारखा फेस. "आधी वास घ्यायचा," ते हळूच म्हणाले.

नाना म्हणाले, "वास काय लेवाना? अत्तर शे का हाई?"

आणि एवढे बोलून नानांनी त्यांच्या मुलखात प्रत्येक नव्या दारूची करतात ती परीक्षा केली. मोहाची चांगली दारू जाळावर शिंपडली की निळा भडका उडतो. जितका भडका उंच, तितका माल खरा. त्याला त्यांच्याकडे दुसरे माप नाही. नानांनी आपला ग्लास उचलला आणि शिंपडण्याऐवजी, पाहुण्यांचा मान म्हणून, पूर्णच्या पूर्ण जाळावर ओतला.

फस्स असा आवाज झाला, राख उडाली आणि वांग्यांखालचा अर्धा विस्तव विझला.

नानांनी एका काडीने ओली राख उकरून पाहिली. मग अत्यंत दुःखाने म्हणाले, "हाई ते बठ्ठं पाणी शे, जवाईबापू!"

"नाना, बिअर पेटत नसते," साडू म्हणाले.

"पेटत नही, ते मंग पेवानी कसाले?"

पेटत नाही तर प्यायची कशाला, या प्रश्नावर साडूंनी मेहुण्याचा ग्लास भरायला घेतला. तेवढ्यात बांधावरून, पाठ न फिरवता, आबांचा आवाज आला, "जाळ का विझला रे? भरीत कच्चं राहील!"

"वारा आला, आबा!" मेहुणा ओरडला. शेतात त्या वेळी एक पान हलत नव्हते.

मग मेहुण्याने आपला ग्लास सरबतासारखा एका दमात तोंडाला लावला आणि तितक्याच वेगाने खाली ठेवला. "दाजी, यात कारलं पिळलंय का? किती पिळलंय?" उपाय त्याच्यापाशी तयार होता. भाकरीबरोबर खायला आणलेला गुळाचा खडा त्याने ग्लासात टाकला. मला वाटते, ग्लासात काय होणार हे साडूंना माहीत होते आणि त्यांनी हातही पुढे केला होता. पण उशीर झाला. गूळ तळाशी जाताक्षणी सगळी बिअर फेस होऊन उसळली आणि मेहुण्याच्या कोऱ्या, पांढऱ्या टेरिकॉटच्या शर्टावर गळ्यापासून पोटापर्यंत पसरली. तो शर्ट त्याला मुलगी बघायला जाण्यासाठी शिवलेला होता. मी हसलो, हे खरे आहे. माझ्यावरच्या त्याच्या आजवरच्या सगळ्या विधानांचे मूळ, माझ्या मते, त्या शर्टात आहे.

एकाने माल जाळात ओतला, दुसऱ्याने अंगावर घेतला. राहिलो मी. साडू माझ्याकडे पाहत होते. इतक्या आशेने माझ्याकडे एखाद्या शेतकऱ्यानेही कधी पाहिलेले नाही, आणि शेतकऱ्याचे तर वर्ष त्या गाडीत असते.

मी ग्लास नाकाशी नेला. पहिल्यांदा मोसंबीची साल नखाने सोलावी तसा वास आला. त्याच्या मागे ओले, नुकते कापलेले गवत. आणखी खाली राळेचा, धुपाटण्याजवळ बसल्यावर येतो तसा वास. मग घोट घेतला. आधी भाजक्या धान्याचा गोडवा जिभेवर आला आणि मला वाटले, एवढेच आहे. तेवढ्यात कडूपणा आला. तो एकदम अंगावर आला नाही. जिभेच्या मागून, दोन्ही कडांनी, शिस्तीत येत गेला आणि गोडव्याला बाजूला सारून मधोमध बसला. गिळल्यानंतरही तो गेला नाही. औषधाचा कडूपणा माणसाला हाकलतो. हा थांबवून घेत होता. त्या कडूपणाच्या आत कडकपणा लपलेला होता. तो घशाला कळला नाही, थोड्या वेळाने कानांच्या पाळ्यांना कळला. लांब धागा, ओल नाही, किडके बोंड एकही नाही. असा माल मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता, आणि म्हणूनच माझे तोंड आपोआप, इतक्या वर्षांच्या सवयीने, जितके वाकडे होऊ शकते तितके वाकडे झाले.

साडूंनी ते पाहिले. त्यांचा चेहरा उतरला.

"कळलं, भाऊसाहेब," ते म्हणाले. "राहू द्या. तुम्ही खरं सांगितलंत."

मी अजून काहीच सांगितले नव्हते. पण ते उठले, उरलेल्या बाटल्या त्यांनी गोणपाटात घातल्या आणि पाटाकडे चालू लागले. कोरड्या पाटाच्या काठाशी बसून त्यांनी एक बाटली उघडली आणि शांतपणे ओतायला लागले.  आपला माल आपणच ओतणाऱ्या माणसाचा एवढा स्थिर हात मला बघवेना.

"थांबा!" मी ओरडलो. खरेदी केंद्राच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाणारा माझा आवाज होता. "अजून आतली मूठ काढली नाही!"

आणि मी जाळावरचे एक वांगे काठवटीतल्या मिरचीत ठेचले आणि ते भरीत भाकरीवर घेतले. ते अर्धे कच्चे होते आणि विझलेल्या जाळाच्या धुराचा वास त्याला लागला होता. पण मिरचीला कशाचीच अडचण नव्हती. दोन घासांत जीभ पेटली, डोळ्यांत पाणी आले. मग मी ग्लास उचलून दुसरा घोट घेतला. तो खरा घोट. गोड बिअर अशा मिरचीपुढे हात जोडून उभी राहते. मी तशा पुष्कळ प्यायलो होतो. ही समोर उभी राहिली. तिखटाने जे भडकवले ते कडूपणाने आणखी जागे केले, आणि मग दोघे मिळून असे काही शांत झाले, की मला पुन्हा भाकरीकडे हात न्यावा लागला, आणि पुन्हा ग्लासाकडे. तोंड अर्थातच पहिल्यापेक्षा वाकडे झाले.

मेहुणा म्हणाला, "बघा, बघा! दुसऱ्यांदा तर आणखी कडू तोंड केलं!"

बांधावरून आबांचा आवाज आला. पाठ तशीच होती. "मोठ्या जावयांनी तोंड कडू केलं का?"

"एरंडेल प्यायल्यासारखं, आबा!"

 आबांनी कित्येक हंगाम माझ्याच केंद्रावर कापूस आणला होता. "मग माल चांगला आहे," ते म्हणाले. आणि लगेच, घाईने, "कसला माल आहे ते मला माहीत नाही. पण चांगला आहे."

तेव्हा मी ग्लास खाली ठेवला, साडूंकडे पाहिले आणि म्हणालो, "सुपर."

मेहुण्याचे आजचे म्हणणे असे, की तो शब्द मी भरताला उद्देशून वापरला. कच्च्या वांग्याच्या, धुरकटलेल्या भरताला! ज्याने ते भरीत खाल्ले असेल त्याने असे म्हणण्याचे धाडस करू नये, आणि मेहुण्याने ते खाल्ले होते. आबा माल म्हणाले ते कपाशीला उद्देशून, असेही तो सांगतो. आबा आज नाहीत, म्हणून त्याला हे सांगता येते. नाना साक्ष देऊ शकले असते; पण नानांनी माझा निकाल ऐकून, हे निव्वळ पाणी आहे हे सिद्ध करण्यासाठी, दोन बाटल्या पाण्यासारख्या पिऊन दाखवल्या आणि तासाभराने ते बोरीच्या झाडाखाली बांधलेल्या बैलाला 'जवाईबापू' म्हणून भाकरीचा आग्रह करीत होते.

साडूंनी उघडलेल्या बाटलीला बूच नव्हते म्हणून तिच्यातली उरलेली त्यांनी स्वतःच्या ग्लासात घेतली. दिवसभरातला त्यांचा तो पहिला ग्लास. ते माझ्या शेजारी बसले आणि हळूहळू प्यायले. "तुमच्या तोंडाचं कोष्टक आधी सांगायला हवं होतं," एवढेच म्हणाले. संध्याकाळच्या गाडीने ते गेले तेव्हा रिकामी पेटी त्यांना आणखीच हलकी वाटत होती. 'सुपर' हा शब्द त्यांच्याबरोबर गेला, आणि दुसऱ्या दिवशी तो मालकांच्या कानांवर जायचा होता.

त्यानंतर काही आठवड्यांनी ते अचानक जळगावला माझ्या घरी आले. एकटेच. चहा घेतला. सौभाग्यवती आत गेल्यावर म्हणाले, "भाऊसाहेब, टाकी गेली."

"म्हणजे?"

त्यांनी मला जे घडले ते सांगितले. मी उठून उभा राहिलो. मी त्याच पावली औरंगाबादला निघालो होतो. ते म्हणाले, "बसा. मी सासुरवाडीत वेगळं सांगितलंय."

"काय सांगितलंत?"

"तुम्हाला आवडली नाही, म्हणून टाकी गेली, असं."

"मला?" माझा आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला असावा, कारण तिथली भांडी थांबली. "मी सुपर म्हणालो होतो!"

"मला माहीत आहे. मेहुण्यांना ते भरताचं वाटलं होतं, मी ते तसंच राहू दिलं." ते बशीत बोट फिरवत होते. "मला अजून तिथंच नोकरी करायची आहे, भाऊसाहेब. माणसांना आवडली नाही असं म्हटलं तर आवडीनिवडीची गोष्ट होते. खरं सांगितलं तर सासुरवाडीत मी कोण ठरतो? ज्याला कुणीही बनवावं असा माणूस. आबांसमोर तर नकोच. तुमचं नाव मोठं आहे. त्याला एवढ्यानं धक्का लागत नाही."

पुन्हा स्तुती. माझा नाइलाज झाला. मी त्यांना म्हणालो, की ठीक आहे, जोवर तुम्ही सांगत नाही तोवर मी बोलणार नाही. तेव्हा आपल्या मेहुण्याला बोलण्याचा एवढा उत्साह असेल, आणि तो इतकी वर्षे टिकेल, याची मला कल्पना नव्हती. साडू पुढेही निवृत्त होईपर्यंत तीच गोडसर बिअर करीत राहिले. एकाही लग्नात, त्या नकलेच्या वेळी, ते हसले नाहीत. माझ्या शेजारी येऊन बसत आणि माझ्या हातातली सुपारी घेऊन आपण कातरत.

पुण्याहून परतल्यावर मी त्यांना फोन केला. त्या फळीवरच्या ग्लासाविषयी सांगितले. "वास कसा होता?" त्यांनी पहिल्यांदा विचारले. मी सांगितला. ते म्हणाले, "राळ जरा कमी असेल." मग म्हणाले, "आता लिहून टाका, भाऊसाहेब. मालक गेले, कारखाना बंद पडला, आबा तर केव्हाच गेले. आता मी बनलो होतो हे कळलं तरी कुणाला काय? तुम्ही मात्र उगाच ऐकून घेताय."

म्हणून लिहितो. मेहुण्याने हे पुढच्या लग्नात, खुर्ची मधोमध ओढून, मोठ्याने वाचून दाखवावे. माझ्या तोंडाचे, 'सुपर' या शब्दाचे, भरताचे आणि शर्टाचे जे काय भांडण असेल ते त्याने हवे तितके चालवावे. सोमवारी सकाळी साडू माझा शब्द घेऊन कारखान्यात गेले, तेव्हा टाकी धुणाऱ्या कामगाराने त्यांना जे सांगितले, ते एवढेच: मालकांच्या हुकमावरून ती टाकी शनिवारी दुपारीच, साडूंची गाडी चाळीसगावला पोहोचण्याच्या आत, गटारात सोडून स्वच्छ धुऊन ठेवण्यात आली होती.